शिक्राचा वकील

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, की आतल्या माणसाला सगळ्यात आधी सुटका नको असते. आवाज हवा असतो. बाहेर कुणीतरी आलंय एवढं कळलं, की निम्मा जीव भांड्यात पडतो. उरलेला निम्मा दार उघडल्यावर पडतो. म्हणून लिफ्ट दुरुस्त करणारे बहुतेक गडी जिना चढतानाच ओरडायला लागतात, "घाबरू नका, आलोय."

हा ओरडत नसे. हा खिशातला पाना काढायचा आणि दारावर वाजवायचा. टक. टक-टक. आतून कुणी रडवेल्या आवाजात "कोण आहे?" म्हटलं, की पुन्हा टक, टक-टक. उंच इमारतींतल्या लोकांच्या कानात ती टकटक इतकी बसली होती, की आत अडकलेली एखादी आजी शेजारच्या घामाघूम झालेल्या माणसाला सांगायची, "आला तो. आता पिशवी खाली ठेवा आणि निवांत उभे राहा."

न ओरडण्याचं कारण साधं होतं. त्याची जीभ अडखळायची. "'घाबरू'तला 'घा' बा… बाहेर येईपर्यंत," तो स्वतःच म्हणायचा, "आतला माणूस घाबरून मोकळा."

शब्द वर येताना मध्येच कुठंतरी थांबायचा, ना हा मजला ना तो. म्हणून मित्रमंडळी त्याला 'मधला मजला' म्हणायची. नाव त्यानंच सुचवलेलं. लोक ठेवणारच आहेत, तर आपण आधी ठेवलेलं बरं. निदान जरा बरं तरी ठेवता येतं.

आणि अशा माणसाची बायको कोण, तर बस स्थानकावरची अनाउन्सर. गाड्या उशिरा येतील, पण तिचं वाक्य कधी उशिरा आलं नाही. दिवसभर माइकवर आणि संध्याकाळी घरात, तिच्या तोंडात शब्द कसे सुटसुटीत रांगेत उभे असायचे. नवऱ्यावर तिचा जीव होता, आणि त्या जिवापोटीच तिला एक सवय लागलेली. तो अडला, की ती त्याचं वाक्य पुरं करायची. बहुतेक वेळा बरोबर. कधीकधी साफ चूक. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तो म्हणाला होता, "मला सकाळी…" आणि गाडी थांबली. "कॉफी लागते," ती म्हणाली, आणि इतक्या कौतुकानं कप घेऊन आली, की तो काही बोलला नाही. तेव्हापासून तो रोज सकाळी कॉफी पीत होता. आवडत नव्हती. सांगायचं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

दोघांत सामाईक गोष्ट म्हणाल, तर एकच. शिक्रा.

शिक्रा म्हणजे त्या नावाच्या शिकारी पक्ष्यासारखा करड्या पंखांचा, पिवळ्या डोळ्यांचा, छतांवरून झेपावणारा पडद्यावरचा वीर. त्याचे सिनेमे यांच्या लहानपणापासून येत होते. शिक्रा फार बोलायचा. ठोसा नंतर, आधी शाब्दिक फटका; आणि दर सिनेमात एकदा, संकटात सापडलेल्या गर्दीच्या डोक्यावर उभा राहून तो म्हणायचा, "मान वर करा. मी आलोय." ते वाक्य आलं, की अख्खा हॉल त्याच्याबरोबर एका सुरात म्हणायचा. तशी रीतच पडली होती.

मधला मजला लहान असताना आत्यानं त्याला पहिल्यांदा नेलं, तेव्हा त्याला या रीतीची कल्पना नव्हती. वर्गात धडा वाचायची पाळी आली की बाई त्याला वगळून पुढच्या मुलाकडे जायच्या. दयाळू होत्या बिचाऱ्या. आणि इथे अंधारात शेकडो माणसं एकदम बोलायला लागली, तसं याचंही तोंड उघडलं आणि वाक्य सरळ बाहेर आलं. न अडता. स्वतःचा आवाज ऐकून तो इतका दचकला, की उरलेला सिनेमा त्यानं पाहिलाच नाही. घरी येऊन आरशासमोर तेच वाक्य म्हणून पाहिलं. 'मा'वरच गाडी बंद. म्हणजे एकट्यानं नाही. सगळ्यांबरोबर. त्यानंतर शिक्राचा एकही पहिला खेळ त्यानं चुकवला नाही. लोक सिनेमा बघायला जायचे. हा ते एक वाक्य बोलायला जायचा.

हे गुपित फक्त आत्याला ठाऊक होतं. बायकोलाही नव्हतं.

या आत्याची लॉन्ड्री होती. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची लांबलचक टेबलं आणि छतापासून लोंबणारे प्लॅस्टिकमधले कोट. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढलं, की त्या कोटांमध्ये शिक्राचं भक्तमंडळ जमायचं. मधला मजला आणि त्याची अनाउन्सर, दातांचे एक डॉक्टर, आणि बेकरी चालवणाऱ्या दोघी जावा. मोठ्या वहिनी आणि धाकट्या वहिनी. दोघींचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे दुसरीला भट्टीतलं काही कळत नाही.

आणि या मंडळाची एक रीत होती, जगात दुसरीकडे कुठे नसेल अशी. नवा सिनेमा यायच्या आधी ते त्याच्यावर खटला भरायचे. एक फिर्यादी, एक बचावाचा वकील, आत्या न्यायाधीश, उरलेले पंच. आत्याचा हातोडा म्हणजे गार पडलेली जुनी इस्त्री. ज्याच्या हातात हँगर, त्यानं बोलायचं. त्या वेळी दुसऱ्या कुणी तोंड उघडलं, तर दंड म्हणून दुकानातल्या शर्टांची चळत इस्त्री करायची. सिनेमा खटला जिंकला, तर सगळ्यांनी पहिल्या खेळाला जाऊन एका रांगेत बसायचं. हरला, तर मंडळातल्या कुणीही तो चित्रपटगृहात पाहायचा नाही. शिक्राचा मागचा भाग थोडक्यात जिंकला होता आणि इतका भिकार निघाला, की त्यानंतर ती मालिकाच बंद पडली. डॉक्टरांनी बचाव केला होता. त्या जखमेवर जावा अजून मीठ चोळायच्या.

मग बातमी आली, शिक्रा परत येतोय. नव्यानं. नवा नट, पहिल्यापासून गोष्ट. रीबूट.

"रीबूट म्हणजे काय रे बाळ्या?" आत्यानं विचारलं.

"मेन स्विच बंद क… करायचा. आणि परत चालू. अर्ध्या लिफ्टा तशाच सु… सुरू होतात."

"आणि उरलेल्या अर्ध्या?" डॉक्टर म्हणाले.

"त्या जळतात," बायकोनं उत्तर पुरं केलं.

नव्या सिनेमाची झलक आली त्या रविवारी डॉक्टरांनी फोन इस्त्रीच्या टेबलावर उभा केला आणि सगळे त्याभोवती वाकले. नवा शिक्रा बुटका होता. पंख मातकट. "धुतला नाही वाटतं," आत्या म्हणाली. ते जुनं चढत जाणारं संगीत नव्हतं, नुसता वारा. जळती इमारत, खाली गर्दी, कठड्यावर शिक्रा. सगळ्यांनी सवयीनं श्वास घेतला, वाक्य म्हणायला.

"मा…" शिक्रा म्हणाला. "मा… मा…"

आणि झलक संपली.

लॉन्ड्रीत इतकी शांतता पसरली, की वाफेच्या नळीतलं पाणी ठिबकताना ऐकू येऊ लागलं. मधल्या मजल्याकडे कुणी बघत नव्हतं. बघत नव्हतं म्हणजे किती बघत नव्हतं, तर डॉक्टर एका कोटाची गुंडी तपासत होते.

"हिरो… अडखळतो?" शेवटी धाकट्या वहिनी म्हणाल्या.

"फोन अडकला असेल," मोठ्या वहिनी म्हणाल्या.

"फोन नाही अडकलेला," अनाउन्सरबाई म्हणाली. तिनं फोन उचलून पालथा ठेवला. "आत्या, फिर्याद माझी. यावेळी दुसऱ्या कुणाला मिळणार नाही."

"आणि बचाव?"

डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. "मी मागच्या वेळेचा गुन्हेगार. शिवाय याचा बचाव कसा करायचा, मला सुचत नाही."

जावांनी एकमेकींकडे बोट दाखवलं. आत्या इस्त्री हातात घेऊन वाट बघत राहिली. तेव्हा कोटांच्या मधून एक हात वर आला, काळ्या ग्रीसचे डाग पडलेला.

"तू?" बायको म्हणाली.

त्यानं मान हलवली. नुसती. पण आत्यानं इस्त्री आपटली.

पुढचे दिवस त्यानं ती झलक पाहण्यात घालवले. लिफ्टवाल्यांची हक्काची जागा म्हणजे इमारतीच्या डोक्यावरची मशीनची खोली. तिथं मोटार घरघरत असते, दोर चाकावरून वरखाली जात असतात आणि डबा उघडायला एखादी उलटी बादली असते. जेवता जेवता तो फोन समोर धरायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला राग आला होता. अख्ख्या आयुष्यात एक वाक्य होतं, जे त्याच्या तोंडून सरळ यायचं. तेही आता तोडून टाकलं यांनी. हिरोच अडखळला, तर हॉल कुणाबरोबर बोलणार? आणि हॉल बोलला नाही, तर हा?

पण पुन्हा पुन्हा पाहताना त्याला दुसरंच दिसायला लागलं. नटानं मान किंचित डावीकडे वळवली होती. डोळे क्षणभर मिटले होते. गळ्याची शीर ताठली होती आणि उजव्या हाताचा अंगठा मांडीवर आपटत होता, जणू शब्दाला आतून ढकलत होता. तसंच होतं. अगदी तसंच. नक्कल करणारे नुसती अक्षरं मोजतात. शाळेत सगळ्यांनी करून झालं होतं. ही नक्कल नव्हती. हे कुणीतरी जवळ बसून पाहिलं होतं.

घरी वेगळं नाटक रंगत होतं.

"तू लिही," बायको म्हणाली. "मी फिर्यादही मांडते आणि तुझा बचावही वाचून दाखवते. आवाज बदलून."

"नको."

"अरे, सगळं भाषण तू स्वतः…"

"हो."

"हट्ट आहे हा."

"खटला आहे," तो म्हणाला. हे मात्र न अडता.

ती भांडी पुसत होती. एकच ताट ती बराच वेळ पुसत राहिली. "तुला माहितेय मी का विरोधात आहे? पंख नि संगीत गेलं खड्ड्यात. त्या अंधारात तो 'मा… मा…' करेल आणि मागून कुणीतरी हसेल. मग सगळे हसतील. आणि मी तुझ्या शेजारी बसलेली असेन."

"मला स… सवय आहे."

"तुला असेल. मला नाही. आणि लावून घ्यायचीही नाही."

त्याला एक लांब वाक्य बोलायचं होतं, पण ती ते पुरं करेल, या भीतीनं त्यानं सुरू केलं नाही.

रविवारी शटर अर्धं खाली आलं. आत्या टेबलामागे उंच स्टुलावर बसली, चष्मा नाकाच्या टोकावर. इस्त्री आपटली गेली. अनाउन्सरबाईनं हँगर उचलला आणि तो थेट माइकसारखा तोंडापाशी धरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ती म्हणाली, आणि जावा लगेच खूश झाल्या. "शिक्रा या जुन्या नावानं सुटणारी ही गाडी जुनी नाही. चालक नवीन. रंग उडालेला. भोंगा काढून टाकलेला. आणि प्रवाशांना गाडीत बसवायच्या आधीच ती पहिल्या थांब्यावर बंद पडलेली आहे."

डॉक्टर हसले. तिनं पंखांचा समाचार घेतला, संगीताचा घेतला, नटाच्या उंचीचा घेतला. "छतावरून झेप घेणार म्हणे. याला छतावर चढायला शिडी लागेल." मग तिनं हँगर खाली घेतला आणि आवाजही.

"आता मुख्य आरोप. ज्यांनी हे लिहिलं, त्यांना अडखळणं म्हणजे काय ठाऊक आहे? त्यांना हिरोला एक दुखणं हवं होतं, बस. पहिल्या तासात तो अडखळेल, लोक च्यक्‌च्यक्‌ करतील. मग एखादी मुलगी त्याचा हात धरेल. आणि शेवटी तो खाडखाड भाषण ठोकेल, टाळ्या. झाला बरा. मग आमच्या घरी येऊन लोक विचारतील, 'सिनेमातल्याचं गेलं की हो, तुमच्या ह्यांचं कसं जात नाही?' मला ते ऐकायचं नाही. पंचांनी ही गाडी रद्द करावी."

तिनं हँगर टेबलावर ठेवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण टाळ्या वाजवण्यासारखं ते नव्हतं. मोठ्या वहिनींनी पदरानं नाक पुसलं.

"बचाव," आत्या म्हणाली.

तो उभा राहिला. हँगर दोन्ही हातांत धरला. तोंड उघडलं.

काही आलं नाही.

कोट हलत नव्हते. नळी ठिबकत होती. त्याची मान डावीकडे वळली, डोळे मिटले, शीर ताठली. "मा…" आणि पुन्हा काही नाही. डॉक्टर पुढे झुकले, जणू ओढून काढता आला असता तो शब्द, दाढेसारखा. बायकोनं शेजारच्या कोटाची बाही घट्ट पकडली होती आणि दात ओठांवर रोवले होते. तिला शब्द माहीत होता. निदान तिला तसं वाटत होतं.

"माननीय?" धाकट्या वहिनींना राहवलं नाही.

इस्त्री धाडकन आपटली. "शर्टांची चळत," आत्या म्हणाली. "पांढरे. कॉलरसकट."

"मी मदत करायला गेले."

"दुसरी चळत हवीय का?"

"मा… माझ्या," तो म्हणाला, आणि सगळे हसले, तोही. हसण्यानं काहीतरी मोकळं झालं. "माझ्या अशिलाबद्दल सांगतो. जुना शिक्रा खूप बो… बोलायचा. तो तोंड उघडायच्या आधी आपल्याला पा… पाठ असायचं. आपण त्याच्यापुढे धावायचो. मागच्या भागात डॉक्टर चक्क झो… झोपले होते."

डॉक्टरांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, शर्ट आठवले, मिटलं.

"आता मला स… सांगा." तो थांबला. यावेळी अडून नव्हे. फरक फक्त बायकोला कळला. "मी उभा राहिल्यापासून तुम्ही सगळे काय क… करताय?"

कुणी उत्तर दिलं नाही. हँगर त्याच्या हातात होता.

"वाट बघताय. माझ्या पु… पुढच्या शब्दाची. वहिनींनी तर शर्ट ओ… ओढवून घेतले, पण राहवलं नाही. गेल्या कित्येक भागांत कुणी शिक्राच्या प… पुढच्या शब्दाची अशी वाट बघितली होती? एकदा तरी?"

मोठ्या वहिनींचं तोंड उघडं राहिलं होतं. धाकट्यांचंही. दोघी एकसारख्या दिसत होत्या, हे मंडळानं पहिल्यांदाच पाहिलं.

"मी लि… लिफ्टची दारं उघडतो. सरळ चालणाऱ्या लिफ्टची कुणाला आ… आठवणही राहत नाही. अडकलेल्या लिफ्टची गोष्ट माणूस ज… जन्मभर सांगतो."

मग तो बायकोकडे वळला. वकिलानं फिर्यादीकडे वळावं तसाच, पण आवाज वकिलाचा राहिला नाही.

"लोक ह… हसतील. खरं आहे. शेवटी ते त्याला ब… बरं करून टाकतील का, मला ठाऊक नाही. त्यांनी तसं केलं तर मी स्व… स्वतः त्यांच्यावर खटला भरीन. पण मला बघायचंय. माझ्यासारखा माणूस छ… छतावर उभा आहे, खाली गर्दी आहे, आणि ती गर्दी…" शब्द अडला. चांगलाच अडला. अंगठा मांडीवर आपटू लागला. बायकोचे ओठ हलले. तिनं तळहात तोंडावर दाबला. कोटाची बाही उसवली. तो शब्द खालून वर येत होता, अगदी सावकाश, जिन्यानं येत असल्यासारखा.

"…थांबलीय," तो म्हणाला. "एवढंच. ब… बचाव संपला."

त्यानं हँगर दांडीला अडकवला. आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पंच?"

"निर्दोष," मोठ्या वहिनी म्हणाल्या.

"निर्दोष," धाकट्या वहिनी म्हणाल्या, आणि दोघींनी दचकून एकमेकींकडे पाहिलं.

"निर्दोष," डॉक्टर म्हणाले. "आणि मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

अनाउन्सरबाईनं उसवलेल्या बाहीकडे पाहिलं. "फिर्यादीला निकाल मान्य आहे," ती म्हणाली. "पण हॉलमध्ये कुणी हसलं, तर मी उठणार. मग मला कुणी आवरायचं नाही."

पहिला खेळ सकाळचा होता. चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर जुने भक्त जमले होते, फिकट झालेले शिक्राचे सदरे घालून, आणि सगळ्यांच्या तोंडावर बारशाला आलोत की सांत्वनाला, असे भाव. "वाट लावली असणार," एक म्हणायचा. "तरी बघू," दुसरा म्हणायचा. मंडळ एका रांगेत बसलं. मधला मजला मध्ये, डावीकडे आत्या, उजवीकडे बायको, पदर खोचून, लढाईला बसल्यासारखी.

सिनेमा सुरू झाला. नवा शिक्रा चांगला झेपावत होता. हे मोठ्या वहिनींनी मान्य केलं. फारसा बोलत नव्हता. मग ती इमारत आली. धूर, गर्दी, कठडा. वारा वाहू लागला. हॉलमध्ये एकदम हालचाल झाली. माणसं खुर्चीत पुढे सरकली. कितीही शंका असू देत, ती जागा आली होती.

"मा…" शिक्रा म्हणाला.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अनाउन्सरबाई उठली. तिच्या मनगटावर नवऱ्याचा हात पडला आणि ती परत बसली.

आणि तेव्हा ते झालं, जे सिनेमा बनवणाऱ्यांना सुचलं नसेल आणि बचावाच्या वकिलालाही सुचलं नव्हतं. हॉलनं जुन्या सवयीनं शिक्राच्या आधीच सूर लावला. "मान वर करा. मी आलोय." शेकडो आवाज, धडधडत, नेहमीच्या वेगानं. आत्या, डॉक्टर, जावा, सगळे. अनाउन्सरबाईसुद्धा, तिचं वाक्य तर सगळ्यांच्या आधी पोचलं.

सगळे पोचले, आणि बघतात तर शिक्रा तिथं नव्हताच. तो अजून 'मा'वर होता.

अख्खा हॉल पुढच्या मजल्यावर जाऊन उभा, आणि ज्याच्याबरोबर निघालो तो मागेच राहिलेला. आवाज विरले. हसणारा हसायचा थांबला. पुढे काय करायचं, कुणालाच कळेना. वाक्य तर संपलं होतं. पडद्यावर त्या माणसाची मान डावीकडे वळली, डोळे मिटले, आणि हॉल थांबला. नुसता थांबला.

"मा…" शिक्रा म्हणाला.

"मा…" मधल्या रांगेतून आवाज आला.

त्यानं काही ठरवून केलं नव्हतं. त्यालाही इतरांबरोबरच सुरुवात करायची होती; पण बाकीचे पुढे निघून गेले आणि हा मागे राहिला. फरक एवढाच, की आज मागे तो एकटा नव्हता.

"मा…" दोघं म्हणाले. आता रांगेतल्या, मागच्या रांगेतल्या, कडेच्या माणसांची तोंडं हळूहळू त्याच्याकडे वळत होती. आत्यानं त्याचा दुसरा हात धरला. बायकोनं श्वास रोखला होता, आणि तिच्या जिभेवर ते वाक्य तयार असूनही ती बोलली नाही.

"मान वर करा," शिक्रा आणि लिफ्टवाला म्हणाले. "मी आलोय."

एका सुरात. अडखळून, पण एका सुरात, आणि अख्ख्या हॉलमध्ये तेवढे दोनच आवाज.

मग हॉलचं छत उडेल असा गलका झाला. माणसं उभी राहिली, खुर्च्या खडखडल्या, मघाशी हसणारा तर शिट्टी वाजवत होता. डॉक्टर कुणा परक्या माणसाच्या गळ्यात पडले. पडद्यावर पुढे बरंच काही घडलं, ते त्या गोंगाटात कुणाला ऐकू आलं नाही.

तसं पाहिलं तर सिनेमा काही निर्दोष नव्हता. उत्तरार्ध ताणला होता, खलनायक पुचाट होता, आणि डॉक्टरांचं म्हणणं, त्याचे पुढचे दात खोटे होते आणि वाईट बसवले होते. पायऱ्या उतरताना जावांचं पुन्हा वाजलं, शेवटच्या मारामारीवरून. पण अगदी शेवटच्या दृश्यात, सगळं आटोपल्यावर, एक पोरगी शिक्राला त्याचं नाव विचारते, आणि तो "शि… शि…" करत उभा राहतो, आणि ती नुसती वाट बघते. तिथंच सिनेमा संपतो. बरा नाही होत तो.

"हे मात्र," फिर्यादी म्हणाली, "मला अपेक्षित नव्हतं."

समोरच्या टपरीवर सगळे टेकले. टपरीवाला घाईत होता. खेळ सुटल्याची गर्दी होती. "बोला, काय देऊ?"

"दोन कॉफ…" अनाउन्सरबाई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं वाक्य आपणहून मध्येच थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुला काय हवंय?"

त्याची मान डावीकडे वळली.

"साहेब, लवकर," टपरीवाला म्हणाला.

"थांब जरा," ती म्हणाली. माइकवरच्या आवाजात नव्हे, पण सगळी रांग गप्प झाली. "तो बोलतोय."

टपरीवाला थांबला. रांग थांबली. दुधाच्या पातेल्यावर साय धरली.

"च… चहा," तो म्हणाला.

ती बघतच राहिली. "चहा? तुला चहा आवडतो? कधीपासून?"

"ल… लग्नाआधीपासून."

आत्या एवढी हसली, की तिला ठसका लागला. अनाउन्सरबाईचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. मनातल्या मनात ती सगळ्या सकाळी परत मोजत असावी.

"एक चहा," मग ती टपरीवाल्याला म्हणाली. "मोठा. आणि आणखी काय ते हा सांगेल. आम्हाला घाई नाही."